अनुभव धागा : शाळेच्या वेळेला दुखणारे पोट

माझी मुलगी आठवीत होती, त्या वर्षी जून ते नोव्हेंबर या काळात तिची ४१ दिवस शाळा बुडाली. त्यातला जवळजवळ प्रत्येक दिवस सारखाच उजाडत असे : सकाळी सहाला उठल्यावर दात घासता घासताच बेंबीभोवती कळ यायची, व्हॅन कोपऱ्यावर येईपर्यंत तीनदा शौचाला जाऊन व्हायचे आणि व्हॅन निघून गेल्यावर तासा-दीड तासाने पोट आपोआप शांत व्हायचे. रविवारी आणि दिवाळीच्या सुट्टीत दुखणे नसे. त्यामुळे घरात ‘ढोंग’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला तो माझ्याच तोंडून, आणि त्याची खंत मला आजही आहे.

तपासण्यांत तीन महिने गेले. विडाल चाचणी थोडी वर आली म्हणून टायफॉइडची प्रतिजैविके दोनदा दिली गेली. ताप मात्र तिला एकदाही आलेला नव्हता. सोनोग्राफीत पोटातल्या लसिका गाठी दिसल्या तेव्हा सासूबाईंना क्षयाची धास्ती बसली आणि त्यांनी नातीच्या देखतच डोळ्यांना पदर लावला. त्या रात्रीपासून मुलगी मोबाइलवर स्वतःचे आजार शोधू लागली. शेवटी गंगापूर रोडवरच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी सगळे अहवाल पाहून बाजूला ठेवले, मला बाहेर बसायला सांगितले आणि त्या वीस मिनिटे तिच्याशी एकटीशी बोलल्या. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती. ‘वर्गात कळ आली आणि जाता आले नाही तर काय,’ ही धास्ती तिला घरातूनच सुरू व्हायची, धास्तीने आतडी जोरात चालायची आणि आतडी चालली की धास्ती खरी ठरायची. एवढी गोष्ट आम्हाला सहा महिने कळली नव्हती, कारण आम्ही पोटाबद्दल रोज विचारत होतो, शाळेबद्दल नाही.

डॉक्टर तिला म्हणाल्या, “तुझं दुखणं खरं आहे. आतड्याला जखम नाही, पण तिथल्या नसा फार जाग्या झाल्यात. त्या शांत होतात, वेळ लागतो.” पहिल्या आठवड्यात फक्त दोन तास शाळा, वर्गशिक्षिकांनी न विचारता उठून जाण्याची दिलेली मुभा, दाराला बसवलेली कडी, सकाळी घाई होऊ नये म्हणून अर्धा तास लवकर उठणे, आणि दुखत नसतानाही दिवसातून दोनदा पोट फुगवून सावकाश श्वास घेण्याचा सराव, एवढेच ठरले. “आज पोट कसं आहे?” हे विचारणे मी बंद केले, आणि माझ्यासाठी तेच सर्वांत अवघड होते. पूर्ण वेळ शाळा सुरू व्हायला सात आठवडे लागले. पुढच्या घटक चाचणीला पुन्हा दुखले, तरी त्या दिवशीही ती शाळेत गेली.

ज्यांच्या घरात वयात येणाऱ्या मुलांचे असे दुखणे आहे किंवा होते, त्यांनी काय उपयोगी पडले, काय चुकले आणि किती काळ लागला हे कृपया लिहावे. औषधांची नावे आणि मात्रा लिहू नयेत. एकाच्या मुलाचे औषध दुसऱ्याने आणून देणे मी जवळून पाहिले आहे.

सातपूर, वडील

माझी कंपनीत पाळीची ड्युटी असल्यामुळे मुलाच्या पोटदुखीचे दोन वेगवेगळे न्याय आमच्या घरात चालत होते. मी घरी असलो की दरडावून पाठवायचो आणि मी रात्रपाळीवरून झोपलेलो असलो की त्याची आई त्याला घरी ठेवून मऊ भात, मोबाइल आणि जवळ बसणे हे सगळे द्यायची. समुपदेशक बाईंनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवून एकच नियम ठरवायला लावला : ताप, उलटी किंवा शौचातून रक्त नसेल तर शाळा, आणि घरी राहिलाच तर पडून विश्रांती, मोबाइल नाही. दरडावण्याने दुखणे वाढतच होते, हे मला त्या वेळी मान्य करावे लागले. आमच्याकडे जवळजवळ एक वर्ष लागले. भेटीची वेळ मिळेपर्यंत आम्ही टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन केला होता. तिथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

निफाड तालुका, चुलते

पुतण्या दहावीला होता आणि बोर्डाची परीक्षा व द्राक्षाचा हंगाम एकाच वेळी येतात, हे आमच्याकडच्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्या वर्षी मण्यांत पाणी उतरल्यावर अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले आणि व्यापाऱ्याने ठरलेला भाव मोडला. सोसायटीचे कर्ज, मजुरांचे पैसे, औषधांची उधारी हे सगळे बोलणे रात्री ओसरीवर व्हायचे आणि आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेला पोरगा ते ऐकत असायचा. त्याला जेवण जाईना, रात्री जेवणानंतर पोट गच्च व्हायचे, मळमळायचे. आईने बेंबीला हिंग लावला, ओवा दिला, एका जाणत्याकडून पोट चोळून आणले. त्याने घटकाभर बरे वाटायचे, आणि त्या मायेला मी नावे ठेवणार नाही. पण पोराने एकदा मला बांधावर विचारले, “काका, मी नापास झालो तर बाबा काही करून घेतील का?” त्याच्या पोटात इतके दिवस हे होते.

मी त्याच संध्याकाळी थोरल्या भावाला सांगितले. भावाने वही काढली, पोराला शेजारी बसवले आणि किती देणे आहे, किती येणे आहे, कोणाकडून मुदत मिळाली आहे हे आकड्यांसकट समजावले, आणि “मी कुठेही जाणार नाही,” असे त्याचा हात धरून सांगितले. पोटदुखी दुसऱ्या दिवशी थांबली असे झाले नाही, ती परीक्षा संपेपर्यंत राहिली. पण पोरगा जेवू लागला. डॉक्टरांनाही आम्ही दाखवले, आणि भावालाही त्याच वेळी दाखवले, कारण त्याची झोप उडालेली होती.

नाशिकरोड, निवृत्त बालरोगतज्ज्ञ

वरच्या अनुभवांत आलेल्या काही गोष्टी स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते, ते व्हेगस चेतेमार्फत मेंदूशी सतत जोडलेले असते, आणि चेतापेशींमधले संदेश पोहोचवणारे सेरोटोनिन हे रसायन शरीरात सुमारे ९० टक्के पचनमार्गातच तयार होते; त्यामुळे भीतीने पोट दुखणे ही शरीरातच घडणारी क्रिया आहे. पोटाच्या अशा विकारांचे निदान करण्यासाठी डॉक्टर वापरतात त्या रोम-४ या २०१६ च्या निकषांनुसार किमान २ महिने, महिन्यातून किमान ४ वेळा दुखत असेल आणि योग्य तपासणीनंतर दुसरा आजार सापडत नसेल, तर त्यास फंक्शनल, म्हणजे आतड्याला इजा नसून त्याच्या कामकाजातून होणारी, पोटदुखी म्हणतात. विडाल चाचणी पूर्वीच्या संसर्गाने किंवा लसीनेही वर येऊ शकते, म्हणून ताप नसताना केवळ तिच्यावरून टायफॉइड ठरवू नये. सोनोग्राफीत दिसणाऱ्या लहान लसिका गाठी निरोगी मुलांतही सर्रास आढळतात. बद्धकोष्ठता, दूध न पचणे आणि मुलींच्या पाळीचे दिवस यांची चौकशी मात्र आधी झालीच पाहिजे.

वजन घटणे, उंची किंवा वयात येणे थांबणे, शौचातून रक्त, हिरवी उलटी, वारंवार ताप, सांधे दुखणे, गिळताना त्रास, आणि झोपेतून जागे करणारे दुखणे, यांपैकी काहीही असले तर ‘टेन्शन आहे’ असे म्हणून थांबू नये.

पंचवटी, आई

डॉक्टरांचा शेवटचा परिच्छेद वाचून लिहिण्याचे धाडस करते. माझा मुलगा स्वभावाने भित्रा, म्हणून त्याचे पोट दुखू लागल्यावर आम्ही, शाळेने आणि पहिल्या डॉक्टरांनीही अभ्यासाचा ताण असेच म्हटले. तो रात्री दोन वाजता उठून शौचाला जायचा, वर्षभरात त्याचे वजन ५ किलो कमी झाले आणि गणवेशाची पँट आखूड झाली नाही. त्याच्या वयाच्या मुलाची पँट आखूड न होणे ही खूण होती, ती माझ्या लक्षात आली नाही. पुढे दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा क्रोन्स हा आतड्यांच्या दाहाचा आजार निघाला. आता उपचारांनी तो सावरला आहे, पण तो अजूनही चिंता करतो, आणि त्यासाठीही वेगळी मदत घ्यावी लागते. एक आजार सापडला म्हणून दुसरा त्रास खोटा ठरत नाही.

इंदिरानगर, पहिल्या अनुभवातली मुलगी

आईने हे सगळे मला वाचायला दिले आणि मी लिहिले तर चालेल का असे मी तिला विचारले. मी आता १९ वर्षांची आहे आणि कॉलेज रोडवर शिकते. तेव्हा मला सर्वांत जास्त त्रास दुखण्याचा नव्हता, दुखत आहे हे रोज नव्याने सिद्ध करावे लागण्याचा होता. म्हणून मी थोडे दुखले तरी जास्त सांगायचे. आईने पोटाबद्दल विचारणे बंद केले तेव्हा पहिले आठ दिवस मला तिचा राग आला होता. मग एकदा सकाळी ती माझी वेणी घालताना काहीच न बोलता थांबली, माझा श्वास सावकाश होईपर्यंत तिने फणी तशीच हातात धरून ठेवली आणि मग पेड घालायला लागली. त्या दिवशी मी व्हॅनमध्ये बसले. परीक्षेच्या सकाळी अजूनही पोटात कळ येते, आणि मी अर्धा तास लवकर उठते.