अकरा दिवसांच्या बाळाला अंगावरचे दूध पुरते की नाही, हे ओळखायचे कसे?

पहिलटकरीण

माझे बाळंतपण सिझेरियनने झाले असून मुलगी आज अकरा दिवसांची आहे. जन्मतः तिचे वजन २९०० ग्रॅम होते, चौथ्या दिवशी २६९० भरले आणि आज सकाळी २८४०. दिवसा ती दोन-अडीच तासांनी पिते, परंतु संध्याकाळचे सहा वाजले की रात्री दहापर्यंत सोडतच नाही; वीस मिनिटे पिते, डुलकी घेते आणि खाली ठेवताच तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवू लागते. पहिल्या आठवड्यात दगडासारखे घट्ट झालेले स्तन आता मऊ लागतात. काल पंप लावून पाहिला, तर दोन्ही बाजूंचे मिळून जेमतेम २० मिलिलिटर दूध निघाले आणि ती बाटली हातात धरून मला रडू आवरेना. उजव्या स्तनाग्राला चीरही पडली आहे. घरच्यांचे म्हणणे असे की, तिचे पोट भरत नाही, वरचे दूध सुरू करावे. मला ते इतक्यात नको आहे, पण माझ्या हट्टापायी बाळ उपाशी राहावे असेही वाटत नाही. दूध खरोखरच कमी पडत आहे का, हे घरच्या घरी कशावरून ठरवावे?

दोघांची आई

ताई, तुमच्या संध्याकाळचे वर्णन वाचताना माझ्या थोरल्याचे ते दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले. संध्याकाळी तीन-चार तास थोड्या थोड्या वेळाने पीत राहणे हे या वयात अगदी नेहमीचे आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या आठवड्याच्या आसपास ते वाढते व काही दिवसांनी आपोआप ओसरते. मला ते कोणी सांगितले नव्हते, म्हणून मी रोज संध्याकाळी एक बाटली देऊ लागले. बाटली दिली की बाळ झोपे, त्या वेळचे पाजणे चुके, आणि पंधरा दिवसांत दूध खरोखरच कमी झाले. धाकटीच्या वेळी त्या चार तासांत दुसरे कोणतेही काम हाती घेतले नाही. पाण्याचा तांब्या जवळ ठेवून बसून राहिले, एवढाच काय तो फरक.

पंपाचे मात्र मनावर घेऊ नका. बाळाला जे ओढता येते ते यंत्राला येतेच असे नाही, आणि बाळ पिऊन गेल्यावर लगेच पंप लावला असेल तर २० मिलिलिटर वाईट मुळीच नव्हे.

रात्रपाळी

मी नवजात शिशू कक्षात परिचारिका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रथम वजनाविषयी. तुमच्या बाळाची घट साधारण सात टक्के झाली. पहिल्या काही दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरते आणि दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येते. चौथ्या दिवसापासून आजपर्यंत तिने १५० ग्रॅम कमावले, म्हणजे दिवसाला वीस ग्रॅमच्या थोडे वर. दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते; त्यामुळे ती काठावर आहे, पण योग्य दिशेने आहे. तीन दिवसांनी त्याच काट्यावर, अंगात कपडे न ठेवता पुन्हा वजन करा.

दूध पोटात गेले की नाही, याची रोजची पावती लंगोटात मिळते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा लंगोट चांगले ओले व्हायला हवेत आणि लघवी फिकट असावी. पहिली काळी, चिकट शी एव्हाना संपून पिवळी, पातळ, दाणेदार शी दिवसातून तीन-चार वेळा होत असेल, तर दूध जात आहे. आठवडाभर कागदावर खुणा करा. थकलेल्या मेंदूच्या हिशोबावर विसंबू नका. स्तन मऊ पडणे ही मात्र दूध आटल्याची खूण नाही. सुरुवातीची सूज उतरते आणि बाळाच्या मागणीशी निर्मितीचा मेळ बसू लागतो, तसे ते मऊ होतातच.

माझे लक्ष खरे तर तुमच्या चिरेकडे गेले. चीर पडणे याचा अर्थ बहुतेक वेळा बाळाची पकड उथळ आहे, आणि पकड उथळ असली की तासभर पिऊनही बाळाला दूध थोडेच मिळते. पुढच्या वेळी तिने स्तन सोडताच स्तनाग्राचा आकार पाहा. ते गोलसर असायला हवे. एका बाजूने तिरपे, चपटे दिसले तर ते टाळूवर दाबले जात आहे. पाजताना तिचे नाक स्तनाग्रासमोर ठेवा, वरच्या ओठाला हलकेच स्पर्श करा आणि जांभईसारखे मोठे तोंड उघडेपर्यंत थांबा. मग तिला स्तनाकडे आणा, स्तन तिच्या तोंडात कोंबू नका. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला अधिक दिसणारा, अशी पकड असावी. दुखत असेल तर तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवा व पुन्हा लावा, मग पाच वेळा करावे लागले तरी चालेल. टाक्यांवर भार येत असल्यास बाळाला काखेखाली, पाय तुमच्या पाठीकडे करून धरा.

नंतर कान द्या. आधी भरभर, उथळ चोखणे ऐकू येते. पान्हा फुटला की लय संथ होते आणि दर एक-दोन ओढींनंतर घोट गिळल्याचा हलका आवाज येतो. किती मिनिटे प्यायली, यापेक्षा किती वेळ गिळत होती, हे महत्त्वाचे. गिळणे थांबून नुसते चाळवणे सुरू झाले, की स्तन हलकेच दाबा किंवा बाजू बदला. वजन जन्माइतके होईपर्यंत रात्रीही तीन-चार तासांहून जास्त झोपू देऊ नका. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे व्हावे.

बाळ पिण्यासाठी उठतच नसेल, ओले लंगोट सहापेक्षा कमी होत असतील, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला असेल, शी पांढुरकी असेल किंवा ताप ३८ अंशांपर्यंत गेला असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कावीळ घरच्या उन्हात बसवून बरी होईल, या भरवशावर तर मुळीच राहू नका.

नवखा बाबा

वरील सल्ला पटतो, तरी दुसरी बाजूही नोंदवतो. आमच्या मुलाचे वजन पाचव्या दिवशी बारा टक्क्यांनी उतरले होते आणि तो इतका सुस्त झाला होता की ओढतच नव्हता. डॉक्टरांनी वरचे दूध द्यायला सांगितले, तेव्हा पत्नीला तो स्वतःचा पराभव वाटला. आम्ही सहा दिवस वाटीने वरचे दूध दिले, आणि त्याच वेळी ती दर तीन तासांनी पंपाने दूध काढत राहिली, कारण स्तनात दूध साठून राहिले की ते बनणेही मंदावते. अंगात बळ आल्यावर तो नीट ओढू लागला व वरचे दूध सुटले. गरज असताना ते औषधासारखे द्यावे, फक्त निर्णय वजन पाहून व्हावा, घरातल्या आवाजावर नव्हे. पावडर मात्र डब्यावरील मापानेच मिसळावी. पातळ केलेले दूध फार घातक ठरते.

पहिलटकरीण

सर्वांची मनापासून आभारी आहे. तीन दिवस कागदावर खुणा केल्या: ओले लंगोट सात, आठ आणि सात. स्तनाग्र तुम्ही म्हणालात तसेच तिरपे चपटे होत होते. काखेखाली धरून पाजल्यावर काल प्रथमच तिच्या गिळण्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्याआधी तो ऐकायचा असतो हेच ठाऊक नव्हते. आज चौदाव्या दिवशी वजन २९३० भरले. संध्याकाळचे चार तास अजून तसेच आहेत. उजवीकडची चीर भरेपर्यंत त्या बाजूचे दूध हाताने काढून दिले तर चालेल का, आणि ते किती वेळ टिकते?

रात्रपाळी

चालेल. स्वच्छ झाकणाच्या भांड्यात, २५ अंशांच्या आतल्या खोलीत चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस. दाराच्या कप्प्यात न ठेवता आत मागे ठेवा, आणि एकदा कोमट करून उरलेले दूध पुन्हा वापरू नका. शक्य असेल तर पकड सुधारून दिवसातून एक-दोनदा उजवीकडेही लावत राहा. त्या बाजूला लाल, गरम, दुखरा पट्टा दिसला किंवा तुम्हाला थंडी वाजून ताप आला, तर पाजणे न थांबवता डॉक्टरांना दाखवा.