इंग्रजी अक्षरांचे सममिती अक्ष: एक्सला 2 की 4? आणि एन, एस, झेडचं काय?

प्रश्न: भूमितीची_वही
सहावीच्या वर्गासाठी कॅपिटल अक्षरांचा उपक्रम करायचाय. उत्तरसूचीत एक्सला 2 अक्ष (ज्या रेघेवर घडी घातली की दोन्ही भाग तंतोतंत जुळतात ती रेघ) दिलेत, दुसऱ्या एका पुस्तकात 4. एन, एस, झेडवर मुलं हमखास तिरपी रेघ मारतात. नुसतं 'चूक' म्हणून त्यांना पटत नाही. मराठी अक्षरंही घेता येतील का?

उत्तर: कंपासपेटी
आधी अक्षर कोणत्या वळणाचं हे ठरवा, नाहीतर उत्तरसूचीला अर्थ नाही. एक्सच्या दोन्ही रेघा समान लांबीच्या आणि काटकोनात छेदणाऱ्या असतील तर अक्ष 4. छापील एक्स रुंदीपेक्षा उंच असतो म्हणून 2. ओ लंबगोल असेल तर 2, अचूक वर्तुळ असेल तर अगणित. एलच्या दोन्ही भुजा सारख्या लांबीच्या काढल्या तर कोपऱ्यातून 45 अंशांचा एक अक्ष निघतो! म्हणून अक्षरं चौकटीच्या वहीत स्वतः आखून द्या, 4 चौकटी रुंद, 6 उंच. वर्तमानपत्रातली कापू नका: त्यांत बीचा वरचा पोट लहान असतो, ए आणि व्हीची एक रेघ जाड, एक बारीक.

अशा आखलेल्या अक्षरांत उभा अक्ष ए, एच, आय, एम, ओ, टी, यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय या 11 जणांना. आडवा अक्ष बी, सी, डी, ई, एच, आय, के, ओ, एक्स या 9 जणांना.

एनसाठी आरसा वापरा. तिरप्या रेघेवर आरसा उभा धरला की एन दिसतच नाही, कोंबडीच्या पायासारख्या तीन रेघा दिसतात. मग बटर पेपरवर तोच एन गिरवा, मध्यावर टाचणी टोचून अर्धा फेरा फिरवा. तंतोतंत बसतो. म्हणजे एन, एस, झेडला परिवलन सममिती आहे, अक्ष एकही नाही. समांतरभुज चौकोनाच्या कर्णावर मुलं हीच चूक करतात.

आरशाची मागची कड रेघेवर ठेवा. मुलामा मागे असतो. पुढची कड ठेवली तर अक्षर मध्ये रुंद झालेलं दिसतं आणि मुलं 'जुळत नाही' म्हणतात.

उत्तर: कात्री_कागद
घडी घालून कापायलाही लावा. टीची दांडी 2 सेंमी हवी असेल तर घडीला लागून 1 सेंमीच आखायची. पूर्ण 2 आखली की उघडल्यावर 4 सेंमीचा खांब! घडीची बाजू कापली गेली तर दोन तुकडे हातात येतात, म्हणून घडीवर आधी पेन्सिलीने फुली करून घ्या. बी, सी, डी, ई, के यांना घडी आडवी.

मराठीत फार हाती लागत नाही. शिरोरेषा वरच असल्याने आडवा अक्ष बाद, आणि ग, प, म, स यांचा काना उजवीकडे असल्याने उभाही बाद. बहुतेक छापील वळणांत ठ तेवढा उभ्या अक्षाला टिकतो. 'मराठीतलं सममित अक्षर शोधा' एवढंच विचारा, मजा येते.

भूमितीची_वही
छान. शेवटी रुग्णवाहिकेवरचा उलटा इंग्रजी शब्द घोटीव कागदाच्या अक्षरांनी चिकटवायचा आहे. सगळी अक्षरं पालथी करायची का?

कंपासपेटी
नाही. क्रम उलटा लावा. ए, एम, यू जशीच्या तशी. बी, सी, ई यांना आडवा अक्ष आहे, त्यामुळे अर्धा फेरा दिला तरी आरशातलंच रूप मिळतं. एल आणि एन मात्र पालथेच करावे लागतात; एन कितीही फिरवा, अर्ध्या फेऱ्यानंतर पुन्हा तोच सरळ एन. घोटीव कागद मागून पांढरा असतो, तेव्हा ही दोन अक्षरं दोन्ही बाजूंनी रंगीत असलेल्या कार्डशीटची कापा.