रॉबर्ट नॉक्स: कैदी, ओलीस की स्थानबद्ध?

प्रश्न: इंग्रज खलाशी रॉबर्ट नॉक्सवर मराठीत लेख लिहिते आहे. १६५९मध्ये मछलीपट्टणला वादळात ‘ॲन’ जहाजाची मुख्य डोलकाठी गेली. डागडुजीसाठी ते श्रीलंकेत कोट्टियारच्या उपसागरात आलं. तिथे १६६० साली कँडीचा राजा दुसरा राजसिंह याच्या माणसांनी कप्तान, त्याचा १९ वर्षांचा मुलगा रॉबर्ट आणि काही खलाशी धरून नेले. रॉबर्ट सुटला १६७९मध्ये! त्याच्यासाठी कोणता शब्द वापरावा?

प्रतिसाद: ‘ओलीस’ नको. ओलीस ठेवणारा समोरच्याकडून काहीतरी वसूल करायला बघतो. ‘कैदी’ही नीट बसत नाही, कारण नॉक्स तुरुंगात नव्हताच. त्याला गावात ठेवलं होतं आणि शिधा पुरवायची सक्ती गावकऱ्यांवर होती. पुढे तो टोप्या विणून विकायला लागला, भात व्याजाने द्यायला लागला, स्वतःचं घरही बांधलं. फक्त राज्याबाहेर जायची मुभा नव्हती. मी ‘स्थानबद्ध’ म्हणेन. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत होते, तसं: भिंत नाही, पण हद्द आहे.

प्रतिसाद: अर्थ चपखल आहे, पण ‘स्थानबद्ध’ला सरकारी हुकमाचा वास येतो. सतराव्या शतकाच्या गोष्टीत तो खटकेल. शिवाय त्यात दुःख दिसत नाही. बापलेक एकत्र धरले गेले, १६६१त बाप तापाने गेला आणि त्याला पुरायची वेळ या पोरावर आली. ‘बंदिवास’ लिहा. त्या शब्दाला गजांची अट नाही.

‘कैद’ कुठे शोभते म्हणाल, तर आपल्याकडेच उदाहरण आहे. पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली. १६६१त महाराजांनी राजापूर घेतलं, तेव्हा हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार पकडले गेले. त्यांना सोनगडावर ठेवलं, ते १६६३त सुटले. तिथे अपराध होता, किल्ला होता. नॉक्सचा अपराध कोणता?

प्रश्नकर्ती: पटलं. ‘बंदिवास’च ठेवते.

प्रतिसाद: मग ‘सुटला’ही बदला. त्याला कोणी सोडलं नाही. फेरीवाल्याच्या मिषाने तो आणि त्याचा बंदिवासातला सोबती स्टीफन रटलंड अनुराधपुरापर्यंत पोचले आणि तिथून रान तुडवत अरिप्पूच्या डच किल्ल्यात शिरले. नॉक्स निसटला.