मदत हवी आहे: जर्मन हेल्मेट अस्सल की नंतर रंगवलेलं? (तातडीचं, शनिवारच्या आत)

वाटसरू_७०
मंडळी, घाईत लिहितोय. माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लोखंडी हेल्मेट आहे. बाहेरून पूर्ण हिरवं, चिन्ह वगैरे काही दिसत नाही, आतलं चामडं शाबूत. एक संग्राहक शनिवारी बघायला येतोय. किती सांगू? घासाघीस मला जमत नाही, मंडईत कोथिंबिरीची जुडीसुद्धा सांगतील त्या भावाने घेतो. ज्याने मला विकलं तो म्हणाला होता की रंगाखाली दोन्ही बाजूंचे डेकल (चिकटवलेली चिन्हं) आहेत. थिनरने थोडा रंग काढून बघू का? फोटो जोडलाय.

फ्योर्डकाठी
थिनर आधी कपाटात ठेवा आणि कपाटाला कुलूप लावा.
फोटोत वॉशिंग मशीन जास्त आणि हेल्मेट कमी आहे. आतला फोटो हवा. आत डाव्या बाजूला पत्र्यावर एक अक्षर आणि आकडा ठोकलेला असतो, मागे मानेकडे आणखी एक आकडा. ते दोन्ही सांगा. घेतलंत कुठे, कोणत्या देशात? तरी पैज लावून सांगतो, नॉर्वेचं आहे. १९४५ नंतर इथे जर्मनांची हेल्मेटं ढिगाने उरली होती. नॉर्वेच्या सैन्याने त्यांवर स्वतःचा हिरवा रंग मारून वर्षानुवर्षं वापरली. माझ्याकडे दोन आहेत.

खवट_काका
मुळात असली वस्तू घरात ठेवायचीच कशाला म्हणतो मी? ज्याच्या डोक्यावर होती त्याचं काय झालं असेल याचा विचार केलात का?

तांबेपितळ
रंग काढायला थिनर कशाला? चिंच आणि मीठ लावून रात्रभर ठेवा, सकाळी काथ्याने घासा. आमच्याकडचा पणजोबांचा बंब असाच लख्ख केला. आणि चुंबक लावून बघा, चिकटलं तर अस्सल.

गंजलेला_खिळा
ताई, ते पोलादच आहे. चुंबक अस्सलला चिकटेल, नकलीला चिकटेल आणि तुमच्या तव्यालाही चिकटेल. चुंबकाचा उपयोग फक्त आतल्या पट्टीपुरता: युद्धाआधीच्या लायनरची, म्हणजे आतल्या चामडी अस्तराची, पट्टी अॅल्युमिनियमची असायची, नंतर जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची झाली.
धागाकर्ते, तीन गोष्टी सांगा. कड आत वळवलेली आहे की नुसती कापून सोडलेली? बाजूची हवेची भोकं पत्र्यातच दाबून काढली आहेत की वेगळी कडी बसवली आहे? लायनर धरणाऱ्या तीन पिनांच्या डोक्यांवर रंग आहे का?

वाटसरू_७०
एवढं सगळं? मला फक्त भाव हवा होता. असो. जर्मनीतच घेतलं, स्टुटगार्टला, जुन्या बाजारात, ८० युरोला. (हे लिहायचं राहिलं, मी इथेच राहतो.) कड वळवलेली. भोकं पत्र्यातच. पिनांवर तोच हिरवा रंग. आत डावीकडे "क्यू ६४".

गंजलेला_खिळा
आता बोलता येईल. वेगळी कडी नाही, म्हणजे १९३५ चा नमुना नाही. कड वळवलेली, म्हणजे १९४२ चाही नाही, कारण त्या साली खर्च आणि वेळ वाचवायला कड वळवणं बंद केलं. राहिला १९४० चा. "क्यू" म्हणजे क्विस्ट, कारखाना एसलिंगनचा. ६४ हे कवचाचं, म्हणजे बाहेरच्या पोलादी भागाचं माप, त्यात ५६ किंवा ५७ मापाचं लायनर बसतं.
दोन्ही बाजूंच्या डेकलचं मात्र मनावर घेऊ नका. सैन्याच्या हेल्मेटवर उजवीकडे तीन रंगांची ढाल असायची, ती मार्च १९४० मध्ये काढून टाकायचा हुकूम निघाला आणि हा नमुना तेव्हाच सुरू झाला. म्हणजे सैन्याच्या १९४० च्या नमुन्यावर ढाल आणि गरुड दोन्ही सापडणं फार अवघड. डावीकडचा गरुडही १९४३ मध्ये बंद झाला. विकणाऱ्याने तुम्हाला हेल्मेट ८० ला दिलं आणि गोष्ट फुकट दिली.

एसटी_कंडक्टर
अवांतर: आमचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीच्या आघाडीवर होते. त्यांनी हेल्मेट नाही, फक्त एक चमचा आणला. माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, तो किती जणांनी पाहिलाय? १० जुलै १९४४ ला इटलीतच पडले, व्हिक्टोरिया क्रॉस. जर्मन हेल्मेटाचा भाव विचारणाऱ्यांनी हेही वाचावं.

खवट_काका
+१. चमच्याचा फोटो टाका.

फ्योर्डकाठी
पिनांवर तोच रंग म्हणजे लायनर आत असतानाच रंगवलंय. मी म्हटलं ना, नॉर्वे.

गंजलेला_खिळा
म्हटलंत, पण सापडलं स्टुटगार्टात. पश्चिम जर्मनीच्या सीमादलाने, म्हणजे १९५१ ला उभ्या राहिलेल्या बुंडेसग्रेन्त्सशुत्सने, सुरुवातीला जुनीच कवचं नवं लायनर घालून, हिरवी करून वापरली. पोलिसांनीही वापरली. बुंडेसवेअरने, म्हणजे पश्चिम जर्मनीच्या सैन्याने, १९५६ पासून अमेरिकी घडणीचं हेल्मेट घेतलं, म्हणून लोकांना वाटतं की जुना आकार १९४५ लाच संपला. तसं नाही. वाटसरू, लायनरच्या चामड्यावर आणि पट्टीवर शिक्का आहे का बघा. पिना सरळ करून लायनर बाहेर काढू नका. जुनी पिन एकदा वाकलेली असते, पुन्हा सरळ केली की तुटते. टॉर्च घेऊन फटीतून बघा.

फ्योर्डकाठी
नॉर्वेतून सामान जर्मनीत येतच नाही का?

गंजलेला_खिळा
येतं. पण नॉर्वेवाल्यांनी बऱ्याचदा मूळ जर्मन लायनर तसंच ठेवलं. म्हणूनच लायनर बघायला सांगतोय. तुम्ही तर पैजही लावून मोकळे झालात.

मुक्काम_पोस्ट
भारतात नेणार असाल तर चेक-इन सामानात टाका, हातातल्या बॅगेत नको. मी पितळी घंटा आणली तेव्हा विमानतळावर दोन तास गेले.

वाटसरू_७०
भारतात कोण नेतंय?
टॉर्चने बघितलं. चामड्यावर पुसट "५७", बाजूला "१९५४". पट्टीवर दुसरंच काहीतरी, वाचता येत नाही. आणि एसलिंगन??? मी रोज लोकलने तिथेच कामाला जातो!

गंजलेला_खिळा
झालं तर. कवच युद्धातलं, लायनर १९५४ चं, रंग नंतरचा. संग्राहक याला रीवर्क म्हणतात. नकली नाही, पण "युद्धातलं" म्हणून विकलंत तर फसवणूक. भाव वाढतो तो कोणी हात न लावलेल्या वस्तूचा: मूळ रंग, मूळ लायनर, झिजलेला पण खरा डेकल. तेच कवच तसं मिळालं तर कित्येक पट. आणि म्हणूनच काही हुशार लोक रीवर्क कवचं घेतात, रंग उतरवतात, करडा रंग मारतात, नवे डेकल चिकटवतात, चहात भिजवून जुनं करतात आणि दहापट मागतात. तुमचं हेल्मेट ज्याला हवंय तो हेच करणारा असू शकतो. त्याने लायनरकडे ढुंकूनही न बघता फक्त "रंग निघतो का" विचारलं तर ओळखा.
मी असतो तर १५० मागितले असते आणि १२० ला दिलं असतं. खाली डेकल निघालाच तर जर्मनीत त्यावरचं नाझी स्वस्तिक उघड मांडायला बंदी आहे, बाजारात म्हणूनच त्यावर टेप लावतात.

फ्योर्डकाठी
१२० जास्त आहेत. माझी दोन्ही मिळून १७० ला आली. मात्र लायनरचा मुद्दा मान्य. पैज हरलो.

तांबेपितळ
चहात भिजवतात, मग चिंचेला का हसलात?

वाटसरू_७०
शनिवार झाला. माणूस साठीचा, भिंग घेऊन आला, बाहेरून बघितलंच नाही, सरळ लायनर उघडून वास घेतला. "सीमादल," म्हणाला, मी काही सांगायच्या आत. १५० म्हणालो. त्याने मागची बाजू फिरवून दाखवली आणि ११० वर आला.
कबुली द्यायची राहिली. हा धागा काढायच्या आदल्या रात्रीच मी मागे थिनर लावून बघितलं होतं. पाच रुपयाच्या नाण्याएवढं. खाली करडा रंग निघाला, डेकल नाही. (डेकल बाजूला असतात, मागे नसतात, हे तुमच्याकडूनच कळलं.) त्या नाण्याचे ४० युरो गेले.

गंजलेला_खिळा
करडा रंग निघाला?! तो मूळचा होता. गुळगुळीत होता की खरखरीत? फोटो काढला होतात का?

वाटसरू_७०
वॉशिंग मशीनचा आहे.