‘बेली’ : दृश्यांची जादू पटकथेची उणीव भरून काढते का?

मूळ लेख

हाइप विल्यम्स यांच्या १९९८ मधील ‘बेली’ या चित्रपटावर ‘लांबवलेला म्युझिक व्हिडिओ’ असा शिक्का बसला आहे. दिग्दर्शक त्या क्षेत्रातून आलेले आणि डीएमएक्स व नास हे रॅपर प्रमुख भूमिकांत, एवढ्यावरूनच तो मारला गेला, असे माझे मत आहे. नाइटक्लबमधील दरोड्याचा पहिला प्रसंग पाहा. वाद्ये अजिबात नाहीत, केवळ एका गायिकेचा आवाज आहे. अतिनील दिव्यांच्या निळ्या उजेडात टॉमी (डीएमएक्स) आणि सिन्सियर (नास) संथ गतीने गर्दीतून पुढे सरकतात आणि अंधारात त्यांच्या डोळ्यांचे पांढरे तेवढे चमकत राहतात. हे दोघे स्वतःच्याच प्रतिमेच्या गुंगीत आहेत, हे एकाही संवादाविना कळते. हेरॉइनच्या धंद्यातील माणसे जग कसे पाहतात, हे मला इतक्या थेटपणे क्वचितच कोणी दाखवले आहे.

प्रतिसाद १

पूर्ण असहमत. पहिली पाच मिनिटे अप्रतिम आहेत, पण पुढे कोण कोणाच्या बाजूने आहे आणि बाजू का बदलतो, हे प्रेक्षकाने अंदाजानेच ओळखायचे. स्वप्नवत शैली म्हणजे कार्यकारणभावातून सुटका नव्हे. शिवाय कीशा आणि टिऑन या दोघांच्या जोडीदार स्त्रियांना वाट पाहण्यापलीकडे फारसे काम नाही. कृष्णवर्णीयांचे अतिशय नकारात्मक आणि हिंसक चित्रण असल्याचे सांगून बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन यांच्या चित्रपटगृहांनी हा चित्रपट लावण्यास नकार दिला होता. तो आक्षेप मला आजही रास्त वाटतो.

मूळ लेखकाचे उत्तर

स्त्रीपात्रांविषयीचा मुद्दा मान्य. निष्ठांविषयीचा नाही. नेब्रास्कातील ओमाहाचा भाग पुन्हा पाहावा, ही विनंती. तुरुंगात पडलेला टॉमीचा साथीदार नॉलेज जामिनासाठी टॉमीकडे मदत मागतो, ती मिळत नाही आणि तिथून मैत्रीचे वैर होते. याहून स्पष्ट कारण कोणते हवे? पैसा येत होता तोवरच ही माणसे एकमेकांची होती.

प्रतिसाद २

माझी तक्रार वेगळी आहे. सरकारी यंत्रणा टॉमीला अडकवून एका धर्मोपदेशकाच्या खुनासाठी पाठवते. ही भूमिका नागरी हक्क चळवळीतील नेते बेंजामिन चेविस यांनी केली आहे. सहस्रकाच्या अखेरच्या रात्री टॉमी पिस्तूल रोखून उभा असताना ते त्याच्याशी शांतपणे बोलतात आणि त्याचे मन पालटते. तोवर प्रकाश आणि रंगांतून बोलणाऱ्या चित्रपटाने इथे अचानक प्रवचनाचा आधार घेतला, आणि सिन्सियरचे आफ्रिकेला निघून जाणेही त्याच घाईत उरकले.

प्रतिसाद १

हेच मी म्हणत होतो. मनपरिवर्तनाची पूर्वतयारी पटकथेत नसल्यामुळे ते भाषणाने घडवून आणावे लागले.

मूळ लेखकाचे उत्तर

भाषण लांबले आहे, हे खरे. मात्र त्या प्रसंगात डीएमएक्स जवळजवळ काहीच बोलत नाहीत. चित्रपटभर गुरगुरणाऱ्या टॉमीचा चेहरा त्या बोलण्याखाली हळूहळू ढासळत जातो, आणि मनपरिवर्तनावर माझा विश्वास बसतो तो त्या चेहऱ्यामुळे.