अनुभव धागा: शब्बाथशाळेत विश्वास आणि आज्ञापालन कसं शिकवता?

जय ख्रिस्त, मंडळी. मे महिन्यातली सुट्टीची बायबल शाळा जवळ आली की ठाणे-नवी मुंबईतल्या शिक्षकांपुढे तेच प्रश्न येतात. कोणती गोष्ट कोणत्या वयाला सांगायची, साहित्य काय लागेल, आणि "आज्ञा पाळा" हे दटावणीसारखं न वाटता कसं पोचवायचं. वर्गात करून पाहिलेलं मोजमापासकट लिहा. वैयक्तिक साक्ष इथे नको. येत्या रविवारी दुसऱ्या शिक्षकाच्या हाती पडेल असंच द्या.

सुरुवात करते. "आज्ञापालन" हा शब्द पहिल्या दिवशी फळ्यावर लिहू नका. मराठीत त्याहून जवळचा शब्द आहे: ऐकणं. "आईचं ऐक" असं म्हणताना आपण फक्त कानाबद्दल बोलत नसतो. अनुवाद ६:४ मधलं "हे इस्राएला, ऐक" यातलं हिब्रू क्रियापद "शमा" नेमकं असंच दुहेरी आहे: कानाने ऐकणं आणि तसं वागणं. त्यामुळे १ शमुवेल ३ हा पहिला धडा घ्या: रात्री देव लहान शमुवेलाला हाक मारतो ती गोष्ट. एक मूल म्हातारा याजक एली होऊन चटईवर झोपतं, दुसरं शमुवेल. हाक पडद्याआडून, हळू आणि प्रेमळ आवाजात द्यायची. घुमणारा, भीतीदायक आवाज काढला की सगळा धडा बिघडतो, कारण लहान मुलं देवाला घाबरायला शिकून घरी जातात. शमुवेल तीनदा एलीकडे धावतो, चौथ्या हाकेला उत्तर देतो. मग एकच प्रश्न विचारायचा: तो आधी एलीकडेच का धावला? मुलं म्हणतात, "त्याला एलीचाच आवाज माहीत होता." सातव्या वचनात तेच आहे, त्याला परमेश्वराची ओळख अजून झाली नव्हती. आधी ओळख, मग विश्वास, मग ऐकणं. हा क्रम सगळ्या धड्यांत सांभाळा.

कळवा, वयोगट ८ ते ११

नोहाचं तारू सुतळीने शिकवा. उत्पत्ती ६:१५ प्रमाणे लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. मुलांना आपापल्या हाताने मोजायला लावलं की गोंधळ होतो, कारण दहा वर्षांच्या मुलाचा हात मोठ्या माणसाच्या हाताहून बराच आखूड. गोंधळ होऊ द्या, मग ४५ सेंटिमीटरची पट्टी द्या. तारू साधारण १३५ मीटर लांब येतं, म्हणजे लोकलचे सहा डबे आणि वर थोडं. कळवा स्टेशनावर रोज उभ्या राहणाऱ्या मुलांना हे लगेच समजतं. वर्गात शंभरावा भाग करा: १३५ सेंटिमीटर लांब, साडेबावीस रुंद, साडेतेरा उंच. जुने खोके चालतात. तीन मजले आणि बाजूला दार विसरू नका.

खरा मुद्दा ६:२२ मध्ये आहे: देवाने सांगितलं तसं त्याने सगळं केलं. उत्पत्तीत तारू बांधताना नोहाच्या तोंडी एकही वाक्य नाही. शेजारी हसत होते असंही तिथे लिहिलेलं नाही. ती भर नाटकांतून आली आहे. ती घालायची असेल तर "असं झालं असेल" म्हणून सांगा. आणि जुलैमध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांसमोर बुडणाऱ्या माणसांची चित्रं धरू नका. आपल्याकडे त्या दिवसांत घरात पाणी शिरलेली मुलं वर्गात बसलेली असतात. त्यांच्यासाठी नवव्या अध्यायातल्या इंद्रधनुष्यापर्यंत त्याच तासात पोचायलाच हवं.

ऐरोली

दोन घरं बांधणाऱ्यांचा प्रयोग (मत्तय ७:२४-२७) बहुतेक ठिकाणी फसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

साधारण ४५ बाय ३० सेंटिमीटरचा खोल ट्रे. एका अर्ध्यात कडप्प्याचा तुकडा, दुसऱ्या अर्ध्यात बांधकामाची वाळू, दोन्हींची उंची सारखी. ट्रेची मागची कड पुस्तकावर ठेवून तीन-चार सेंटिमीटर उचला, म्हणजे पाणी पुढे वाहून जाईल. घरासाठी टाइलचे छोटे तुकडे एकावर एक रचा. लाकडी ठोकळे नकोत, ते तरंगतात आणि मुलं म्हणतात, "टीचर, वाळूवरचं घर वाचलं!" वाळू ओली करून दाबली तर ती घट्ट धरते आणि घर पडत नाही, म्हणून जेमतेम ओलसर आणि सैल ठेवा. पाणी छपरावर ओतलं तर दोन्ही घरं कोसळतात. मगमधून बारीक धार वाळूच्या पायथ्याशी सोडा. पायाखालची वाळू निघून गेली की घर कलतं आणि पडतं. आदल्या दिवशी एकदा करून बघाच.

प्रश्न विचारला की मुलं झटकन "खडक म्हणजे येशू" असं पाठ उत्तर देतात. तिथे थांबू नका. दोघांनीही वचन ऐकलं होतं, दोघांवरही तोच पाऊस पडला. फरक करण्यात होता. नवी मुंबईचा खाडीकाठचा बराच भाग दलदलीचा. इमारत उभी राहण्याआधी कठीण थरापर्यंत पाइल (जमिनीत खोल जाणारे खांब) उतरवावे लागतात. मुलांनी ती यंत्रं पाहिलेली असतात. महिनोन्महिने काम चालतं आणि वर काहीच दिसत नाही, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या.

नौपाडा

फ्लॅनेलग्राफ (कापडी बोर्डावर चित्रं चिकटवत गोष्ट सांगायचं साधन) टाकून देऊ नका, मोबाइलवरच्या कार्टूनपेक्षा तो हळू चालतो हाच त्याचा गुण. प्लायवर फ्लॅनेल ताणून बसवा, बोर्ड थोडा मागे कलता ठेवा. चित्रांच्या मागे सँडपेपरच्या पट्ट्या चिकटवा. पावसाळ्यात कागद दमट होऊन कडा वळतात आणि चित्रं गळतात, म्हणून ती आधी लॅमिनेट करून मगच पट्ट्या लावा. पंखा बोर्डाच्या थेट वर नको.

नेरूळ, मान्न्याचा धडा

मान्ना म्हणजे अरण्यात देवाने इस्राएल लोकांना रोज दिलेलं अन्न; दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं की ते नासायचं. निर्गम १६:३१ मध्ये मान्ना धण्यासारखा पांढरा आणि चवीला मधाच्या पोळीसारखा म्हटला आहे. प्रत्येकाच्या तळहातावर चार धणे ठेवा आणि मध लावलेल्या पोळीचा तुकडा द्या. पालकांना ॲलर्जीबद्दल आधी विचारा. माणशी एक ओमर, म्हणजे अंदाजे दोन लिटरचं माप. दुधाच्या एक-एक लिटरच्या दोन पिशव्या दाखवल्या की पुरे.

"उद्यासाठी ठेवू नका" ही आज्ञा मोठ्यांनाही अवघड वाटते, म्हणून इथे जास्त वेळ द्या. पावाच्या तुकड्यावर पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडून पारदर्शक पिशवीत बंद करा. पावसाळ्यात पुढच्या रविवारपर्यंत बहुधा बुरशी दिसते. पिशवी उघडायची नाही. मग सहाव्या दिवसाचं सांगा: दुप्पट गोळा करायचं, आणि ते मात्र नासलं नाही. साठवणं वाईट असा धडा इथे नाही. उद्याही देव देणार आहे यावर भरवसा टाकायचा, हा आहे. नाहीतर एखादं मूल घरी जाऊन बाबांना म्हणेल की बँकेतले पैसे काढून टाका.

वर्तकनगर, किशोरवयीन गट

माझी कळकळीची विनंती: आज्ञापालनाची मर्यादा शिकवल्याशिवाय आज्ञापालन शिकवू नका. "मोठ्यांचं सगळं ऐका" हे वाक्य पवित्र शास्त्रातलं नाही, आणि ते मुलांना धोक्यात टाकतं. निर्गम १ मध्ये शिप्रा आणि पुवा या सुइणी फारोचा हुकूम मोडून बाळं वाचवतात. दानीएल ६ मध्ये तीस दिवसांचा मनाई हुकूम निघाल्यावरही तो नेहमीसारखा दिवसातून तीनदा प्रार्थना करतो. प्रेषितांची कृत्ये ५:२९ पाठ करून घ्या: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. या तिन्ही ठिकाणी "नाही" म्हणणारे लोक देवाचंच ऐकत होते.

त्याच तासात सरळ शब्दांत सांगा: कोणी मोठा माणूस, शिक्षक असो, नातेवाईक असो की मंडळीतला, अंगाला नको तसा हात लावत असेल आणि "कोणाला सांगू नको" म्हणत असेल, तर त्याचं ऐकायचं नाही आणि लगेच सांगायचं. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर फळ्यावर लिहा आणि वहीत उतरवून घ्या. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, हे शिक्षकांनाही माहीत हवं. वर्गात कायम दोन मोठी माणसं, दार उघडं.

दानीएल ३ (राजाच्या सोन्याच्या मूर्तीपुढे नमायला नकार देणारे तिघे) शिकवताना आणखी एक. राजाने सक्ती केली हा त्या गोष्टीचा गाभा आहे. ती शेजाऱ्यांच्या सणांवर टीका करायला वापरू नका. मुलांचे जिवलग मित्र त्याच मजल्यावर राहतात. १८ वं वचन मात्र सोडू नका: देवाने सोडवलं नाही तरीही आम्ही नमणार नाही. विश्वास म्हणजे हवं ते मिळण्याची हमी, असं समजून बसलेल्या पोरांना हे वचन फार लागतं.

कोपरी

अब्राहाम-इसहाक (उत्पत्ती २२, देव अब्राहामाला मुलाचा बळी द्यायला सांगतो ती गोष्ट) दहा वर्षांखाली नकोच. त्याऐवजी बारावा अध्याय घ्या: पंचाहत्तराव्या वर्षी घर सोडून निघालेला माणूस. मोठ्यांना बावीस सांगताना शेवट आधी सांगून टाका, की देव स्वतः थांबवतो आणि झुडपात अडकलेला एडका देतो. "माझे बाबा असं करतील का?" हा प्रश्न येतोच. उत्तर एका शब्दात द्या: नाही. मगच पुढे जा.

तलावपाळीजवळ, कॅथलिक धर्मशिक्षण वर्ग

नामान (२ राजे ५, यार्देन नदीत सात वेळा बुचकळी मारून बरा होणारा सेनापती) आमच्याकडे पहिल्या कम्युनियनच्या मुलांना चालतो. काही मराठी भाषांतरांत नामानाला "कोड" असल्याचं येतं. रोजच्या मराठीत कोड म्हणजे अंगावरचे पांढरे डाग, आणि तसे डाग असलेलं मूल वर्गात असू शकतं. "कातडीचा गंभीर आजार" म्हणा. सात बुचकळ्या मुलांकडून मोजून घ्या, आणि सहाव्यानंतर थांबून विचारा: आता काही फरक दिसतोय का? तिथेच वर्ग शांत होतो. आणि खरा विश्वास कोणाचा, हेही विचारा. ज्या लहान दासीने वाट सुचवली, तिचं नावसुद्धा शास्त्रात नाही.

बेलापूर

पाठांतरासाठी चाल लावा. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) ख्रिस्तभक्ती अभंगात आणि कीर्तनात आणली ती याच कारणाने: मराठी कानाला ती चाल आधीच ओळखीची असते. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना देवनागरी वाचताना अडखळायला होतं, पण टाळ-खंजिरीवर तीच मुलं दोन रविवारांत वचन म्हणतात. एका महिन्याला एकच वचन ठेवा.

ऐरोली (पुन्हा)

दोन घरांच्या प्रयोगासाठी कडप्पा नसेल तर शहाबादी फरशीचा तुकडा चालतो. ट्रेमधली वाळू बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबते. बादलीत निथळून पुढच्या वर्षासाठी गोणीत भरून ठेवा.