मदत हवी आहे: पोस्टग्रेस डेटाबेसचं एक पेज खराब झालंय, काम चालू ठेवून दुरुस्त करू का?

मार्केट यार्डात एका कांदा-बटाट्याच्या आडत्याकडचं बिलिंग मी बघतो, पोस्टग्रेस १४ आहे, मशीन गाळ्यातच. मागच्या आठवड्यात लाइट गेली, यूपीएसपण टिकला नाही, आणि तेव्हापासून जुन्या पट्ट्यांचा (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या बिलांचा) रिपोर्ट काढला की 'इनव्हॅलिड पेज इन ब्लॉक ४१२७' येतं, म्हणजे डिस्कवरचा डेटाचा तो तुकडा वाचता येत नाही. रात्रीचा डम्पपण (डेटाची बॅकअप कॉपी) त्याच टेबलपाशी बंद पडतोय हे काल बघितलं, पोटात गोळाच आला. नव्या पट्ट्या मात्र होतायत म्हणून शेठ म्हणतात बंद करू नको, पहाटे शेतकरी पट्टीसाठी उभा असतो, आणि ते खरंच आहे.

८ केबीचं पेज, पण त्यातली एकेक ओळ म्हणजे कुणाचं तरी वजन, हमाली-तोलाई कापून हातात पडायची रक्कम. झिरो_डॅमेज्ड_पेजेस हे खराब पेजवर न अडता पुढे जायचं सेटिंग दहा मिनिटं ऑन करून डम्प घेतला तर चालेल का?

प्रतिसाद १
भाऊ, चालू डेटाबेसवर अजिबात नको. त्याने पेज दुरुस्त होत नाही, ते रिकामं धरलं जातं. सुरुवातीला फक्त मेमरीत, डिस्कवरचं तसंच असतं, पण तेवढ्यात कुणी पट्टी केली आणि ती ओळ त्या रिकाम्या पेजमध्ये पडली की तेच डिस्कवर लिहिलं जाणार, जुनं कायमचं गेलं. इंडेक्सला, म्हणजे पट्टी नंबरवरून ओळ शोधून देणाऱ्या यादीला, यातलं काही कळत नाही, त्यातल्या जुन्या नोंदी त्याच जागेकडे बोट दाखवत राहतात, म्हणजे उद्या जुना पट्टी नंबर शोधाल आणि दुसऱ्याच शेतकऱ्याची ओळ समोर येईल. एररपेक्षा हे वाईट, कारण एरर निदान दिसतो तरी.

लिलाव उरकल्यावर सर्व्हिस नीट बंद करा, अख्खं डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि जे काय करायचं ते त्या कॉपीवर. १४ मध्ये सीटीआयडीची (ओळ कुठल्या पेजमध्ये कितवी आहे तो पत्ता) रेंज देऊन ४१२७ च्या आधीचं आणि नंतरचं वेगवेगळं वाचता येतं. लाइट जायच्या आधीचा डम्प आहे ना? मधले जे नंबर गायब दिसतील ते त्यात शोधा, बरेचसे मिळतील. फक्त नंतर पैसे दिल्याची नोंद झालेल्या पट्ट्या जुन्याच अवस्थेत येतील, त्या हाताने तपासा.

धागाकर्ता
दादा, खूप आभार, रात्री ऑनच करणार होतो. शेठना तो चुकीच्या शेतकऱ्याचा मुद्दा सांगितला, लगेच दुपारी दोन तास दिले. पट्टीबुकातल्या कार्बन कॉप्या माळ्यावर आहेत, दिवाणजी त्या काढतायत, पैसे दिलेल्या ओळी त्यावरून लावतो.